तरसालीचा मुक्काम

बडोद्यास जाण्याचा आमचा बेत तीनदा ठरला आणि तीनदा मोडला. अखेर गेल्या नाताळच्या सुटीत इंदूरहून निघालो. रतलाम, दाहोद, गोध्रा करीत गाडी बडोद्यास पोचली आणि रिक्षा करून आम्ही थेट तरसाली गाठली, कारण तेथे माझी आत्या राहते.

मांडवीपासून तरसाली दक्षिणेस सहा-सात किलोमीटर. एके काळचे हे खेडे आता शहरातच मोडते. एका अंगास राष्ट्रीय महामार्ग, दुसऱ्या अंगास मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये सोसायट्यांमागून सोसायट्या. आतोबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होते, म्हणून त्यांनी येथे टेनामेंट घेतले. (टेनामेंट म्हणजे चाळ नव्हे. पुढे अंगण आणि झोपाळा असलेल्या बैठ्या घरास बडोद्यात हे नाव आहे.) "इथं बघण्यासारखं काही नाही हो, बघायचं ते सगळं गावात," असे आत्याने आल्याआल्याच सांगून टाकले. 'गावात' म्हणजे मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार. तरसाली शहरात आली तरी तेथील माणसे अजून गावातच जातात.

शहर पाहावयास गेलेल्या पाहुण्याचे पोट हा एक अवघड प्रश्न आहे. दोन्ही वेळा यजमानाघरी जेवावे तर शहर अर्धेच पाहिल्यासारखे होते, आणि बाहेर जेवावे तर चूल पेटवून बसलेल्या माणसाचे काय? आम्हां इंदूरकरांना हे ठाऊक असावयास हवे; आमच्याकडे आलेले पाहुणे रात्री सराफ्यात जेवून येतात तेव्हा आम्हांस काय वाटते, ते मला चांगले माहीत आहे. तरीही पहिल्याच दिवशी चुकलो.

त्या दिवशी तांबेकरवाडा पाहिला. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर पुराणातील कथांच्या शेजारी मराठे-इंग्रजांच्या लढाईचीही चित्रे आहेत. पुढे न्यायमंदिर, सुरसागर, मांडवी करता करता सायंकाळ झाली आणि आम्ही एका गुजराती थाळीच्या भोजनालयात शिरलो. उंधियू, गोड डाळ, कढी, दोन प्रकारची फरसाणे, आणि एकामागून एक येणारे मऊ फुलके. वाढपी 'नको' म्हणू देईना.

रात्री नऊला घरी आलो. "हातपाय धुवा, पानं घेते," आत्या म्हणाली. "आजी, आम्ही जेवून आलो!" धाकटीने आनंदाने सांगितले. ओट्यावर भरली वांगी होती, आणि फडक्यात गुंडाळलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. "बरं झालं," एवढेच म्हणून आत्याने पातेल्यावर झाकण ठेवले. ती स्वतः आमच्यासाठी जेवावयाची थांबली होती. आतोबांना जाऊन तीन वर्षे झाली. एरवी ती एकटीच जेवते. त्या रात्री पाच पाने मांडण्याचा तिचा बेत होता, आणि जेवली पुन्हा एकटीच. सकाळी न्याहारीस फोडणीची भाकरी मिळाली. ती उत्तम झाली होती, पण माझा घास उतरेना.

मार्ग काढला तो ह्यांनी. स्वयंपाकघरात पाट ओढून बसले आणि म्हणाले, "आत्या, तुमचं वेळापत्रक सांगा. आम्ही त्याप्रमाणे वागू."

"वेळापत्रक कसलं, जावईबापू! खुशाल बाहेर खा. पण दहाच्या आत सांगा, डाळ धुवायच्या आधी."

तेव्हापासून बाहेर जेवावयाचे ते दुपारी, कारण थाळी रात्री जड पडते; रात्री घरी मुगाची खिचडी आणि कढी. फरसाण चौघांत दोनच प्लेटी. पाणी घरचे. मुलांनी थोडी कुरकुर केली. निदान दुपारी आत्यास विश्रांती मिळेल, असा माझा समज होता. तिने त्या दुपारी पुरण वाटले!

पोळी मऊसूत होती, पण चव निराळी. पुरण तुरीच्या डाळीचे होते. गुजराती घरांतील वेढमीत तुरीचीच डाळ असते.

"आजी हरभऱ्याची डाळ घालायची ना गं?" मी विचारले.

आत्या थबकली. "अगं, हो की. कधी बदललं, माझं मलाच कळलं नाही."

मग माझे लक्ष जाऊ लागले. तिची आमटी गोडसर होती. भाजीला ती मधूनच 'शाक' म्हणे.

चौथ्या दिवशी आम्ही आत्यासच बाहेर नेले. गुडघे दुखतात, रिक्षात हाडे खिळखिळी होतात, घर कोण सांभाळणार, असे सारे सांगून झाले. खरे कारण वेगळेच होते. आतोबांना बाहेरचे चालत नसे, म्हणून चाळीस वर्षे बडोद्यात राहून तिने सेव-उसळ चाखली नव्हती. कीर्तिस्तंभाजवळ एका गाडीपाशी तिला स्टुलावर बसविले. पांढऱ्या वाटाण्यांची पातळ उसळ, वर जाड शेव, कांद्याची पात, आणि वेगळ्या पातेल्यातून ओतलेली लालभडक तरी, सोबत पाव. १७३४ पासून १९४९ पर्यंत बडोद्यावर गायकवाडांचे राज्य होते. राज्य गेले, पण 'उसळ' आणि 'तरी' हे शब्द गाडीवाल्याच्या तोंडी राहिले आहेत. ते मराठी आहेत हे त्यास सांगून पाहिले, तर तो नुसता हसला.

"भाई, तरी ओछी नाखजो," आत्या अस्सल गुजरातीत म्हणाली. पहिल्या घासास ठसका लागला. मग तिने दुसरा पाव मागितला.

"ही तर आपली वाटाण्याची उसळ," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांना आवडली असती गं. एकदा तरी आणायला हवं होतं."

निघताना तिने दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. गाडीत डबा उघडला तर तळाशी लीला चिवड्याची पुडी. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ घातलेला हा ओलसर, आंबटगोड चिवडा बडोद्याची खासियत आहे. शेजारच्या मुलाला पाठवून तिने तो गावातून आणविला असावा. चिवडा दाहोदच्या आतच संपला. दशम्या मात्र घरी पोचेपर्यंत उरल्या, त्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खाल्ल्या.