मुक्काम पहाडगंज, नजर पुढच्या सीझनवर

मुलगी कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळते आणि तुम्हाला तिच्या मॅचसाठी दिल्ली गाठायची आहे? मग स्टेशनसमोरच्या या गल्ल्यांशी आधीच ओळख करून घ्या.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. सोळा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने बाहेर पडलात तर अजमेरी गेट आणि एक नंबरच्या बाजूने पडलात तर पहाडगंज. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने येत असाल तर तुम्ही रात्री उतरणार, गाडी लेट असणार आणि बाहेर पाऊल टाकताच कोणीतरी तुम्हाला सांगणार, ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘तो रस्ता आज बंद आहे’, ‘माझ्यासोबत चला’. थांबू नका. हॉटेलचा नंबर फोनमध्ये असेल तर तिथल्या तिथे फोन लावा, नसेल तर सरळ समोर बघत रस्ता ओलांडा. मेन बाजाराचं तोंड स्टेशनच्या अगदी समोर आहे.

मागच्या फेब्रुवारीत माझी मावशी आणि काका असेच उतरले. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून झेलम. माझी मावसबहीण आधीच टीमसोबत पोहोचली होती. दिल्लीतल्या एका कॉलेजची निमंत्रितांची स्पर्धा होती, बारा मुली, एक सर, एक मॅडम, आणि सगळ्यांची सोय कॉलेजच्या हॉस्टेलवर. आईवडिलांची सोय अर्थातच आपली आपण करायची. मी दिल्लीत नोकरीला आहे, म्हणून खोली शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी पहाडगंज निवडलं. स्टेशनजवळ, मेट्रोजवळ आणि खिशाला परवडणारं.

मेन बाजार बघून मावशीने पहिलं वाक्य म्हटलं, ‘‘इथे? मुलीला घेऊन?’’

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पहाडगंजचं नाव चांगलं-वाईट दोन्ही अर्थांनी गाजलेलं आहे. म्हणून आधी कामाच्या गोष्टी सांगते. फोटो बघून खोली ठरवू नका. इथल्या फोटोतल्या खोल्या प्रत्यक्षात निम्म्या होतात. खिडकी रस्त्यावर किंवा गच्चीवर उघडते की नुसती दुसऱ्या भिंतीकडे, ते विचारा. गरम पाणी चोवीस तास आहे की सकाळी दोन तास, तेही विचारा, कारण मॅच खेळून आलेल्या मुलीला संध्याकाळी गरम पाणी लागतं. कुटुंबं उतरतात असं हॉटेल बघा आणि पहिल्या रात्रीपुरतेच पैसे भरा. आम्ही तसंच केलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खोली बदलली.

धान्याच्या बाजारापासून बॅकपॅकर्सपर्यंत

नावात पहाड आहे, पण इथे पहाड दिसत नाही. मुघलांच्या काळात शहाजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी गेटच्या पलीकडे इथे मोठा धान्याचा बाजार भरायचा आणि जवळच रायसीनाची टेकडी होती. तिच्यावरून हे नाव पडलं म्हणतात. त्याच टेकडीवर आज राष्ट्रपती भवन आहे. १९४७नंतर पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबं इथे वसली. मुलतानी ढांडा हे गल्लीचं नाव आजही त्याची साक्ष देतं. पुढे परदेशी हिप्पी आले, त्यांच्यामागे स्वस्त लॉज आले, आणि आज एकाच दुकानात पितळी बुद्ध, हिब्रू पाटी आणि हातमागाचे झोळे बघायला मिळतात.

आणि मराठी माणूस? तोही आहे. मेन बाजार संपवून रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोकडे, आरामबागेच्या बाजूला गेलात की नूतन मराठी विद्यालयाची पाटी दिसेल. त्याच भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे. तिथे राहायची सोय होते का, ते आधी फोन करून विचारून घ्या. ती पाटी बघून मावशी फुटपाथवरच थांबली आणि तिने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत विट्याच्या एका नातेवाइकांचा फोन, ‘‘अरे, करोलबागेत आमचा पुतण्या गलाईच्या धंद्यात आहे, त्याच्याकडे का नाही उतरलात?’’ सोनं-चांदी गाळणारी खानापूर, आटपाडीकडची मंडळी देशभर पसरली आहेत, हे मला माहीत होतं. ती आपल्यापासून दोन किलोमीटरवर आहेत, हे मात्र खोली बदलून झाल्यावर कळलं.

खाण्याबद्दल एवढंच, की चुना मंडीतले सीताराम दीवानचंदचे छोले-भटूरे खायलाच हवेत. पण मॅचच्या दिवशी अजिबात नाही. बहिणीला सरांनी सक्त ताकीद दिली होती, सकाळी केळी आणि पोहे, दुपारी दही-भात. दिल्लीत पोहे शोधताना काकांची जी वणवण झाली, त्यावर वेगळा लेख होईल.

सात मिनिटं

मॅच मोकळ्या सिमेंटच्या कोर्टवर होती, सकाळी आठला. साताऱ्याच्या मुलींना दिल्लीची फेब्रुवारीची सकाळ म्हणजे काय, ते पहिल्याच पासला कळलं. बोटं बधिर झालेली, त्यामुळे बॉल हातात येतो आणि निसटतो. कोर्टवर दव असलं की बूट घसरतात, म्हणून दोन मुली फडक्याने रिंगखालचा भाग पुसत होत्या. महिलांचा बॉल सहा नंबरचा, पुरुषांच्या सात नंबरपेक्षा थोडा लहान आणि हलका, पण रिंगची उंची तीच, ३.०५ मीटर. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. माझी बहीण पॉइंट गार्ड आहे, म्हणजे खेळ मांडणारी. पण पहिल्या पाचात तिचं नाव नव्हतं. ती शेवटच्या क्वार्टरमध्ये सात मिनिटं खेळली. दोन बास्केट केल्या, तीन वेळा बॉल गमावला आणि टीम अकरा गुणांनी हरली.

मावशीच्या लेखी ती स्पर्धा तिथेच संपली. बहिणीसाठी मात्र तिथून पुढचा हिशोब सुरू झाला.

हा हिशोब आपण पालक, भावंडं समजून घेत नाही, म्हणून जरा थांबते. आपल्याकडे कॉलेजच्या मुलींचं बास्केटबॉल चालतं ते मुख्यतः आंतरविद्यापीठ स्पर्धांवर. त्या भरवते भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू. ही संस्था १९२५ सालची आहे आणि तिचं ऑफिस पहाडगंजपासून लांब नाही, स्टेशनच्या पलीकडे आयटीओकडे जाताना लागतं. आधी कॉलेजच्या मॅचेस, मग विद्यापीठाची निवड, मग विभागीय स्पर्धा. आपण पश्चिम विभागात येतो, महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश वगैरे. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात आणि तिथल्या पहिल्या आठांना खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचं दार उघडतं. हे गेम्स २०२०मध्ये भुवनेश्वरला सुरू झाले. चेन्नई आणि केरळकडच्या टीम्स तगड्या असतात. त्यांच्या मुली शाळेपासून रोज दोन वेळा कोर्टवर असतात आणि ते खेळताना दिसतं.

म्हणजे सगळा सीझन साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आटोपतो. मुलगी पदवीची तीन वर्षं खेळली तर तिला मिळतात तीन सीझन. त्यातला एक दुखापतीत जातो, एक बेंचवर. माझ्या बहिणीचे दोन असेच गेलेत. पुढचा तिसरा आणि बी.कॉम.चा शेवटचा.

तिच्या फोनमध्ये मात्र केटलिन क्लार्क असते. आयोवा विद्यापीठाच्या या मुलीने कॉलेज कारकिर्दीत ३,९५१ गुण केले. २०२४मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची फायनल पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, त्या वर्षी मुलांच्या फायनलपेक्षाही जास्त. गंमत अशी, की तिथेही सुरुवात फार भव्य नव्हती. १८९६मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींची पहिली मॅच झाली, तेव्हा पुरुषांना आत सोडलं नव्हतं आणि स्कोअर होता २-१. आमच्या मॅचला प्रेक्षक मोजून एकोणीस होते. त्यात चहावाला धरला आहे.

गेटबाहेरची चर्चा

शेवटच्या दिवशी सरांनी बहिणीला एका रात्रीसाठी आईवडिलांकडे सोडलं. संध्याकाळी आम्ही चौघं मेन बाजारातून कनॉट प्लेसच्या दिशेला चालत निघालो आणि वाटेत मी मुद्दाम करनैल सिंह स्टेडियमवरून नेलं. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष राहिलेल्या करनैल सिंहांच्या नावाचं हे रेल्वेचं मैदान आहे. रेल्वेच्या टीमच्या रणजी मॅचेस इथे होतात, त्यामुळे क्रिकेटवाल्यांना ते ठाऊक असतं. पर्यटकांच्या यादीत ते कुठेच नसतं. तुमची मुलगी खेळत असेल, तर लाल किल्ल्याआधी तिला हे गेट दाखवा.

कारण सांगते. आपल्या देशात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला पगार देणारं सर्वांत मोठं नाव म्हणजे रेल्वे. राज्याराज्यांतल्या उत्तम खेळाडू स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागतात आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून, कधी कधी आपल्याच राज्याविरुद्ध खेळतात. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं आहे, तो त्यामुळेच. डब्ल्यूएनबीएच्या चाचणीपर्यंत पोहोचलेली केरळची गीतू अ‍ॅना जोससुद्धा रेल्वेचीच. वाराणसीच्या सिंह बहिणींपैकी प्रशांतीला २०१९मध्ये पद्मश्री मिळाली आणि तिच्या धाकट्या बहिणी आकांक्षा आणि प्रतिमा दिल्लीकडून खेळल्या. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली. नावं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

गेट बंद होतं. आतून शिट्टीचा आवाज येत होता आणि कोणाचा सराव चाललाय, ते भिंतीमुळे दिसत नव्हतं. गार्डने आत सोडलं नाही, पण हाकललंही नाही. तिथेच, भिंतीला टेकून, घरात सहा महिने न झालेलं बोलणं झालं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. शेवटच्या वर्षी बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा आणि खेळ संध्याकाळचा व्यायाम म्हणून ठेवायचा. ‘‘सात मिनिटांसाठी दोन दिवसांचा प्रवास केला आपण,’’ ते म्हणाले. रागाने नव्हे, खरंच हिशोब मांडत होते.

बहीण म्हणाली, ‘‘बाबा, मी या वर्षी सुरुवातीच्या पाचात आले नाही, तर क्लास मी स्वतः लावेन. पण हे एक वर्ष मला सकाळची कोर्ट द्या. आणि जर आले, तर एम.कॉम.ला प्रवेश घेऊन अजून एक सीझन.’’

एम.कॉम. हा शिकण्यासाठीचा प्रवेश नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळलं. अनेक मुलं-मुली असंच करतात. विद्यापीठाकडून खेळायला नाव पटावर हवं, वय मर्यादेत हवं, म्हणून पुढची पदवी. मला यात काही चूक वाटत नाही. फी भरून कोणी दोन वर्षं नुसतं कॉलेजच्या कट्ट्यावर बसतं, त्यापेक्षा बरं. पण रेल्वेची भरती एका खेळासाठी वर्षात मोजक्याच जागांची निघते आणि त्यासाठी विद्यापीठ पातळीवरचं प्रमाणपत्र, तेही वरच्या क्रमांकाचं, लागतं. हेही मी तिथेच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. खोटं सांगून मात्र तिला झेलममध्ये बसवायचं नव्हतं.

मावशी इतका वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, ‘‘ते बॉल हातातून निसटत होते, ते थंडीमुळे की तुझ्यामुळे?’’

‘‘दोन थंडीमुळे,’’ बहीण म्हणाली. ‘‘एक माझ्यामुळे.’’

तुम्ही पुढच्या सीझनसाठी दिल्लीकडे येणार असाल, तर यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्या. मॅच मोकळ्या कोर्टवर आहे की इनडोअर, हे टीमला आधी विचारायला लावा. दिवाळीनंतर इथली हवा इतकी बिघडते, की धावणाऱ्या मुलीला खोकल्याने बेजार करते, म्हणून नोव्हेंबरात शक्यतो इनडोअर हॉलच हवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या आठ-दहा तास लेट होतात, तेव्हा मॅचच्या आदल्या रात्री पोहोचण्याचा बेत करू नका, दोन दिवस हाताशी ठेवा. वॉर्मअपसाठी लोकरीचे हातमोजे पहाडगंजच्या फुटपाथवर सहज मिळतात. बहिणीने दोन जोड घेतले. घासाघीस मावशीने केली, अस्खलित मराठीत, आणि दुकानदाराला सगळं कळलं.

जूनमध्ये निकाल लागला. बहीण दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात गेली. बँकेच्या क्लासचं माहितीपत्रक फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे, त्यावर काकांनी तारीख घातली आहे, पंधरा नोव्हेंबर. तोपर्यंत ती रोज सकाळी साडेपाचला कोर्टवर असते आणि काकाच तिला स्कूटरवरून सोडतात.

परवा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, गणपती, माझं लग्न. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘अगं, त्या दुसऱ्या हॉटेलवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? ती खिडकीवाली खोली. घ्यायची नाहीये अजून. नुसतं विचारून ठेव.’’