चला, खानदेशात जेवायला!

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा काढा पाहू. आता अगदी वर, उत्तरेला बोट ठेवा. एका बाजूला सातपुड्याची रांग, खाली अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, सापडली? हा आमचा खानदेश. १९०६ साली इंग्रज सरकारने त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे केले. पूर्वेचा आज जळगाव जिल्हा. पश्चिमेचा धुळे, आणि त्यातूनच १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला.

एवढा इतिहास पुरे. आपण निघालोय जेवायला! पण एक अट आहे बरं का. हॉटेलात नाही जायचं. थेट घरात, चुलीपाशी जाऊन बसायचं.

सुरुवात धुळ्यापासून करू. आसपासच्या कुठल्याही जुन्या खेड्यात गेलात तर आधी वर पाहा. घराला उतरतं छप्पर नाहीच! मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर माती चोपून केलेलं सपाट धाबं. कोकणातल्या मुलांना नवल वाटेल. तिकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. असं छप्पर पहिल्या आठवड्यातच गळू लागेल. आमच्याकडे सहाशे-सातशे मिलिमीटर पडला तरी बरा म्हणायचा. म्हणून धाबं टिकतं. आता सिमेंटचे स्लॅब आले, पण तेही सपाटच, आणि उन्हाळ्यात त्यांचा उपयोग अगदी पूर्वीसारखाच होतो. रात्री अंथरूण, दिवसा स्वयंपाकघर!

हो, स्वयंपाकघरच. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बाकीचे लोक अशा उन्हाला कंटाळतात, खानदेशातल्या बाया मात्र ते कामाला लावतात. बिबड्यांचंच पाहा ना. ज्वारी भिजवायची, कांडायची, दळायची. मग पहाटे अंधारातच मोठ्या पातेल्यात लसूण, जिरे, तिखट, तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा. दोघी-तिघी शेजारणी हाताला पाणी लावून ओल्या कापडावर भराभर पातळ गोल थापत जातात. सूर्य वर आला की पुढचं काम त्याचं. कुरडयांचं तंत्र वेगळं. गहू तीन दिवस भिजवून वाटायचे, त्यातला पांढरा चीक काढायचा, शिजवून सोऱ्यातून पाडायचा. पोरांना पहारा करायला बसवतात, कावळे आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून. आणि हे पहारेकरीच अर्धवट वाळलेल्या बिबड्या कच्च्या शेंगदाण्यांबरोबर गट्टम करतात! आई मोजून ठेवत नाही, यातच काय ते समजा.

ही साठवण कशासाठी? पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून, आणि भाजी संपते म्हणूनही. उन्हाळ्यात विहिरी आटतात, पालेभाजी दिसेनाशी होते. मग भाजी कशाची करायची? डाळीच्या पिठाची. पाणी घालून घट्ट शिजवलेलं बेसन थापून वड्या पाडल्या आणि झणझणीत रश्श्यात सोडल्या की झाली पातोड्यांची भाजी. तेही करायला वेळ नसेल तर भिजवलेलं पीठ हातानेच उकळत्या रश्श्यात सोडायचं. पडताना ते ‘डुबुक, डुबुक’ वाजतं, म्हणून त्या डुबुकवड्या! आणि आज गावोगावच्या ढाब्यांवर मिळते ती शेवभाजी? तीही याच घराण्यातली. डब्यात जाड तिखट शेव असली, कांदा-खोबरं भाजून काळा मसाला वाटलेला असला, की दहा मिनिटांत पाहुण्यांसाठी कालवण तयार. ढाब्यावर मिळते ती शेवभाजी तेलात पोहते. घरची तशी नसते, हे माझं मत.

आता एस.टी.त बसू. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव नव्वदेक किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन. पावसाळ्यानंतर कपाशी, ज्वारी, थंडीत ‘दादर’. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, मुंबईतलं स्टेशन नव्हे! तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड.

पण मला तुम्हांला दाखवायची आहे ती काळी भाकरी. या रस्त्यालगतच्याच एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिथे आपण थोडं उतरू.

मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडतात. एक मुलगी रोज भिंतीकडे तोंड करून बसायची. झाकण अर्धंच उघडायचं, तुकडा मोडायचा, झाकण बंद. एक दिवस मी शेजारी जाऊन बसले. डब्यात कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, आणि वर कच्चं शेंगदाणा तेल. “बाई, मुलं काळी म्हणतात हिला,” ती हळूच म्हणाली. तिच्या पलीकडचा मुलगा पाकिटातल्या नळ्या खात होता, आणि त्या सगळ्यांना पाहिजे होत्या!

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद, दोन्ही एकत्र दळलेले, दळतानाच खडेमीठ घातलेलं. उडदाच्या सालीमुळे भाकरी काळपट होते. उडदाला चिकटपणा असतो, म्हणून ती नुसत्या ज्वारीच्या भाकरीसारखी पटकन चिरत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपल्या अंगात प्रथिनं तयार व्हायला जे घटक लागतात, त्यातला लायसिन नावाचा घटक ज्वारीत कमी असतो, तो उडदात भरपूर. उडदात जे कमी पडतं ते ज्वारीत असतं. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात! आमच्या आज्या-पणज्यांनी लायसिनचं नावही ऐकलं नव्हतं. पण ही भाकरी खाऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत शेतात टिकतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्या भरडधान्यांत आमची ज्वारीही आहे.

मी दुसऱ्या दिवशी वर्गाला गृहपाठ दिला: घरी कळण्याचं प्रमाण विचारून या. काय सांगू, एकेक उत्तर वेगळं! कुणाकडे तीन पायली ज्वारीला एक पायली उडीद, कुणाकडे चारास एक, कुणाची आजी मूठभर मेथ्या टाकते. एकाची आजी म्हणाली, “मापाचं काय विचारता, हाताला कळतं.” आणि तीन मुलं रिकाम्या हाताने आली. त्यांच्या घरी कळणा करणारी आजी होती, ती आता नाही. कुठे लिहून ठेवलेलंही नाही.

आम्ही मग एक वही केली. अजून भरतेच आहे. गिरणीवाल्याचंही नाव त्यात आहे, कारण त्याने सांगितलं की कळण्याचे डबे तो शेवटी घेतो. नाहीतर पुढच्याचे गहू काळे होतात! त्या मुलीने वहीत तिच्या आजीचं प्रमाण स्वतः लिहिलंय. जाता जाता एक सांगते: इकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला डोया, केळीला केयी. तेव्हा वहीत कुठे ‘कयना’ असं दिसलं तर चूक समजू नका.

चला, जळगाव आलं. थंडीचे दिवस असतील तर तुमचं नशीब! बाजारात हिरवी, पांढरट रेघांची, लांबट मोठी वांगी दिसतील. ही भरिताची वांगी. जळगावची केळी आणि जळगावची भरिताची वांगी, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव या भागाच्या मालाचंच, असा कायद्याचा शिक्का.

भरीत शेतातच करायचं. कापूस वेचून झाला की उरतात वाळलेल्या पऱ्हाट्या. त्या पेटवायच्या आणि त्या जाळात वांगी भाजायची. जे पीक अंगावरचे कपडे देतं, त्याचीच काडी जेवण शिजवते! भाजलेली वांगी सोलायची, होडीच्या आकाराच्या लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची, मग भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. वाढायला ताट शोधू नका, केळीची पानं बांधावरच आहेत. सोबत पुरी किंवा आपली काळी भाकरी. पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून मगच सुरुवात होते. तोवर थंडीतलं वांगं चांगलं भरलेलं असतं.

जळगावजवळच आसोदा आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता त्यांना गाणी सुचायची. त्या १९५१ साली गेल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ साली. मुलाने, कवी सोपानदेवांनी, ती जपली म्हणून. एरवी तीही गेलीच असती, दळणाच्या पिठासारखी.

आणि वैशाखात या, आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, आणि घरात मांडे होतात. गहू ओलवून दळायचे, पीठ तलम कापडातून चाळायचं, कणीक पाणी लावून इतकी मळायची की ती रबरासारखी ताणली जावी. त्यात पुरण भरायचं आणि दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, फिरवत फिरवत मोठं करायचं. मग चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचं. माझ्या आईचा मांडा फाटत नाही. माझा अजून दोनातला एक फाटतो, तो पोरं आधी मागून घेतात. बरोबर आमरस आणि कुरडई, तीच, धाब्यावर वाळलेली!

तर आता दिवस ठरवा. भरीत हवं असेल तर पौषात या, मांडे हवे असतील तर आखाजीला. बिबड्यांच्या पहाऱ्यावर बसायचं असेल तर चैत्रात या, पण डोक्याला रुमाल बांधूनच या.