गेन वाद्यासाठी, व्हॉल्यूम शेजाऱ्यांसाठी

घरात बास गिटार आली की मागोमाग ॲम्प येतो, आणि ॲम्प आला की शेजारी येतात. तुमच्या घरी असा एखादा वादक असेल, तर आमचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

आम्ही बेंगळुरूच्या यशवंतपुरात राहतो. माझे यजमान इथल्या बाजार समितीच्या यार्डात कांद्याच्या अडतीवर काम करतात. महाराष्ट्रातून आलेल्या गाड्या पहाटेच लागतात, म्हणून ते रात्री नऊलाच झोपतात. खालच्या घरात एक अज्जी एकट्या असतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला बास वाजवायला संध्याकाळचे दोनच तास मिळतात. त्यातही अज्जी वर येऊन म्हणायच्या, "स्वल्प कम्मी माडप्पा." म्हणजे, थोडं कमी कर बाळा.

मग तो हाताला येईल ते बटण खाली करायचा. आवाज कमी व्हायचा, पण सूर मरगळायचा आणि मागची खरखर तेवढी ऐकू यायची. एके दिवशी वैतागून म्हणाला, "विकूनच टाकतो." गणपतीत मंडळाचे माइक-स्पीकर सांभाळणारे एक काका तेव्हा घरी आले होते. गेन आणि व्हॉल्यूम ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांनी त्याला समजावलं.

मी ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. गेन म्हणजे पातेल्यात दूध किती घ्यायचं. काठोकाठ भरलं तर उतू जाणार, तळाशी घोटभर घेतलं तर कुणालाच पुरणार नाही. व्हॉल्यूम म्हणजे त्यातलं पेल्यात किती ओतायचं. पातेलं उतू जात असेल, तर पेल्यात कमी ओतून काय उपयोग?

तुम्ही असं करून पाहा. दोन्ही बटणं शून्यावर ठेवून ॲम्प चालू करा. बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवा. गिटारवरचा आवाज पूर्ण उघडा. व्हॉल्यूम ऐकू येण्यापुरता वाढवा. आता सर्वांत जाड तार, कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवाल तितक्या जोरात छेडा आणि गेन हळूहळू वाढवा. क्लिपचा लाल दिवा जोरदार सुरालाच लुकलुकला की गेन किंचित मागे घ्या. दिवा नसेल तर कानाने ओळखा: सूर फाटायला लागला की थोडं मागे. गिटारमध्ये बॅटरी असेल तर ॲम्पवरचं 'ॲक्टिव्ह' बटण दाबा. मग व्हॉल्यूम खोलीला साजेसा ठेवा आणि गेनला पुन्हा हात लावू नका. बेस बराच वाढवला, तर मात्र गेन परत तपासा.

एक गोष्ट मुलांना पटत नाही: दार लावलं तरी बास खाली पोहोचतो. चार तारांच्या बासची जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते. अशा लहरी भिंतींना जुमानत नाहीत. म्हणून ॲम्प जमिनीवर न ठेवता जाड गादीवर किंवा खुर्चीवर ठेवा. मिडल थोडा वाढवलात, तर कमी आवाजातही सूर स्पष्ट कळतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तीही मुलांना सांगून ठेवा.

गेन वादकाने आपल्या कानाने लावावा. व्हॉल्यूम मात्र आपल्या खोलीत बसून लागत नाही. मी अज्जींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि फोनवरून मुलाला सांगत गेले, "अजून कमी... अजून थोडं." अज्जींनी मान डोलावली तिथे थांबलो. ॲम्पवर त्या जागी मी एक टिकली लावली आहे. संध्याकाळी आठपर्यंत व्हॉल्यूम टिकलीच्या पुढे जात नाही, आणि विकण्याची भाषा बंद झाली आहे. गेनला मात्र टिकली लावलेली नाही. तारा बदलल्या, बोटांचा जोर वाढला की तो पुन्हा लावावा लागतो.