हवा मानवली का?

वाईला राहायला येऊन सात वर्षं झाली, तरी डोंबिवलीचं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काय मग, हवा मानवली का?’ सुरुवातीला मी पटकन ‘हो’ म्हणायचे. बिऱ्हाड हलवलं, बँकेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला शनिवार-रविवारचा पाहुणा केलं, सासूबाईंचा चाळीस वर्षांचा शेजार तोडला. एवढं सगळं करून बसल्यावर ‘नाही’ म्हणायची सोय कुठे उरते? हल्ली मात्र उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. तिशीत असताना एकदा प्रुफं वाचत होते आणि ‘कारखाना’ या शब्दातला ‘खाना’ दिसेना. टाइप करणाऱ्यानं खाल्ला असेल म्हणून समासात खूण केली. पुढच्या ओळीतही शब्दाचं शेपूट गायब. मग लक्षात आलं, अक्षरं कागदावर जागच्या जागी होती, माझ्याच डोळ्यापुढे भोक पडलं होतं. त्या भोकाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी चकाकणारी रेघ उमटली आणि हळूहळू बाहेर सरकत गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी नजर साफ झाली आणि डाव्या कानशिलात घण बसायला लागले. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हाच त्रास होता. आपल्या डोळ्यांपुढची ती नक्षी त्यानं वेळ लावून कागदावर काढली आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगानं सरकत असावं, असं गणित 1941 मध्ये मांडलं. ते वाचलं तेव्हा बरं वाटलं. दुखणं तेवढंच राहिलं, पण त्याला वेग आहे, म्हणजे ते खरं आहे, याची कुणीतरी नोंद केली होती.

कारण ते खरं आहे हे पटवण्यातच आमच्या घरातल्या बायकांची दोन आयुष्यं गेली. आईला अर्धशिशी होती. कपाळाला फडकं करकचून आवळून ती पोळ्या लाटायची. सुंठ उगाळून लेप लावणं झालं, सूर्य उगवायच्या आत दुधात बुडवलेली जिलेबी खाणं झालं. त्या जिलेबीचा आम्हा मुलांना हेवा वाटे. गिरगावातल्या आमच्या खोलीला एकच खिडकी. तिला जाड चादर लावून आई अंधार करायची, आणि घरातलं कुणीतरी म्हणायचंच, ‘पुन्हा डोकं उठलं वाटतं हिचं.’ त्या ‘पुन्हा’त सगळं आलं. ताप असता तर थर्मामीटर लावता आला असता.

माझ्याकडे पुरावा म्हणून कालनिर्णय होतं. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी मी दुखण्याच्या दिवसांना लाल गोल करायचे. 2017 सालचे गोल मोजले तर 131 भरले. सगळ्यांत दाट जून आणि ऑक्टोबर. मृगाच्या आधी हवा कोंडली, कपडे वाळेनासे झाले, मीठ पाझरायला लागलं की माझं डोकं वेधशाळेच्या आधी पावसाची वर्दी देई. ऑक्टोबरात ऊन आणि दमटपणा दोन्ही बाजूंनी धरत. त्यात सकाळची फास्ट लोकल, बायकांच्या डब्यातली अत्तरं आणि मोगरा, आणि उभ्यानंच टाळलेला नाश्ता. अखेर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, ‘कोरड्या हवेत जाऊन बघता का काही महिने?’

म्हणजे हवापालट. हा शब्द मराठी घराला नवा नाही. वाईवरून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी 1912 मध्ये बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. मिरज, देवळाली, पाचगणी ही नावं तेव्हा औषधांच्या नावांसारखी घेतली जात. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसीन सापडलं आणि पुढे गोळ्या-इंजेक्शनांनी हवेची ती नोकरी काढून घेतली. पण त्या काळी हवापालटाला जाणाऱ्याला कुणी ‘कशाला?’ असं विचारत नसे. खोकल्यातलं रक्त सगळ्यांना दिसायचं. माझ्या बाबतीत सोसायटीत चर्चा अशी झाली, ‘डोकं दुखतं म्हणून कुणी गाव सोडतं का?’ मला उत्तर सुचलं नाही. सासूबाईंना सुचलं. त्या म्हणाल्या, ‘लग्नासाठी सोडतात, नोकरीसाठी सोडतात, डोकं तर त्यांच्याही वर असतं.’

2018 च्या मे महिन्यात आम्ही टेम्पोच्या मागोमाग निघालो. खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पुलाखालून जाताना मला हसू आलं. 1830 सालचा इंग्रजांनी बांधलेला पूल, आणि नाव मिळालं ते त्यावरच्या डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीवरून. माझ्यासारखीनं देश गाठायचा तर याच कमानीतून जायला हवं. तो पूल 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. मलम राहिलं, पूल गेला.

वाईत पहिला पावसाळा चमत्कारासारखा गेला. पाऊस यायचा आणि जायचा, भिंतींना ओल धरायची नाही. कपडे त्याच दिवशी वाळायचे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर पायऱ्यांवर बसलं की डोक्यातून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं वाटे. जूनमध्ये गोल तीन. मी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं, हवा मानवली.

मग फेब्रुवारी आला. कृष्णाकाठच्या शेतांत हळद शिजायला लागली आणि तो जड, मातकट वास खिडकीतून आत आला. पाठोपाठ उसाचं पाचट पेटवल्याचा धूर. चैत्रात समोरच्या चुनखडीच्या भिंतीवरून ऊन असं परतायचं की डोळ्यांत सुई जावी. डोंबिवलीत मला जूननं मारलं, इथे एप्रिल मारू लागला. वर्षअखेर मोजले तर गोल 74.

131 चे 74. आता हे श्रेय कुणाचं? मी प्रुफं तपासावीत तशी ही आकडेवारी तपासली आणि समासात प्रश्नचिन्हांची रांग लागली. वाईला आल्यावर लोकल सुटली. रोज एकाच वेळी झोप, एकाच वेळी जेवण सुरू झालं. आणि मुख्य म्हणजे त्याच उन्हाळ्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या वेदनाशामक गोळ्या मोजल्या. महिन्यातले कितीतरी दिवस मी त्या घेत होते. इतक्या घेतल्या की गोळ्याच डोकं दुखवायला लागतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या तोडल्या, दुखणं रोखायची दुसरी औषधं रोज सुरू केली. हवा, झोप, गोळ्या, लोकल. चौघे एकाच दिवशी कामाला लागले, तेव्हा पगार कुणाला किती द्यायचा?

हवेच्या दाबावर मी बराच राग काढला होता, त्याचाही हिशेब केला. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1013 हेक्टोपास्कल. वाई सातशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे इथे तो कायमच सुमारे 80 नं कमी. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र दाब उतरवतं ते फार तर दहाएक हेक्टोपास्कलनी. खंडाळ्याचा घाट चढणारी एसटी तासाभरात त्याच्या कितीतरी पट उतरवते, आणि तरी गाडीतल्या सगळ्या अर्धशिशीवाल्या बायका कपाळ धरून बसत नाहीत. कॅनडातल्या कॅल्गरीत चिनूक वारे सुटले की काहींची डोकी उठतात, असं तिथल्या संशोधकांना दिसलं, पण काहींचीच. नेपाळात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत तर उंचावरच्या वस्त्यांत अर्धशिशी सखल भागापेक्षा जास्त निघाली. डोंगरावर जा आणि बरे व्हा, एवढं हे सोपं असतं तर तिथल्या बायकांनी फडकी बांधली नसती.

तरी माणूस हवा शोधत फिरतो. तत्त्वज्ञ नीत्शेनं डोकेदुखी आणि डोळ्यांपायी 1879 मध्ये बाझलची प्राध्यापकी सोडली आणि पुढची दहा वर्षं उन्हाळ्यात आल्प्समधलं सिल्स-मारिया, हिवाळ्यात जिनोआ किंवा नीस अशी काढली. दुखणं त्याच्या सामानाबरोबर हिंडलं. पण ग्रंथही त्या बिऱ्हाडांतच लिहून झाले. त्याला विचारलं असतं, ‘हवा मानवली का?’, तर तो काय म्हणाला असता?

या प्रश्नातलं क्रियापद मला हल्ली फार शहाणं वाटतं. आपण हवेनं बरं झालं असं क्वचितच म्हणतो. पाणी बाधतं, हवा मानवते. सून घराला मानवली, बदलीचं गाव मानवलं, तसंच. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकावं लागतं. एप्रिलमध्ये मी आता सकाळी दहाच्या आत प्रुफं संपवते. समोरच्या काकूंना विनंती केली, त्यांनी भिंतीला मोतिया रंग दिला. हळद शिजायच्या आठवड्यात मी डोंबिवलीला जाते. तेव्हा तिथली हवा मला मानवते. नवरा म्हणतो, ‘तुझी हवा नवऱ्यासारखी आहे, शनिवार-रविवारपुरतीच बरी.’

आई आज असती तर तिला मी इथे आणलं असतं का, असं मनात येतं. आणलं असतं. तिचे गोल कितीनं कमी झाले असते ते सांगता येत नाही, पण ‘पुन्हा’ म्हणणारं माणूस इथे नसतं. डोकं उठलं की सासूबाई पडदे ओढतात आणि टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसतात.

मागच्या वर्षी गोल 68 होते. अर्धशिशी अर्धी राहिली. म्हणून कुणी मला फोन करून ‘आम्हीही गाव बदलावं का?’ असं विचारलं, तर मी तीन गोष्टी सांगते. आधी एक वर्ष कॅलेंडरवर खुणा करा. डॉक्टरांपुढे गोळ्यांची पाकिटं मांडा आणि मोजायला सांगा. त्यानंतरही जायचं असेल तर जा, पण घर विकू नका. भाड्यानं एक पावसाळा काढा आणि एक उन्हाळाही.