बुडीत खाते



दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पर्व झाले की क्षमावाणीला आपण एकमेकींना हात जोडतो. जिच्याशी वर्षभर गोडीगुलाबी आहे तिची क्षमा मागणे सोपे. पण ज्याने खरोखर अन्याय केला आणि ज्याला त्याचे काहीच वाटत नाही, त्याला क्षमा कशी करायची?

25 वर्षांपूर्वी आमच्या घरात वाटणी झाली. सासरे आणि आमचे हे, दोघांनी मिळून उभे केलेले दुकान नात्यातल्याच एकाने कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतले. मुले शाळेत होती. ह्यांनी दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, मी शिकवण्या घेतल्या. मुले मार्गी लागली. तरी त्या दुकानावरून जाताना माझ्या पोटात कालवायचे. सामायिकाला बसले तरी मनात तेच कागद फिरायचे.

मी बी.कॉम. झालेली. जी उधारी वसूल होण्याची आशाच उरली नाही ती बुडीत म्हणून लिहून टाकायची, असे आम्हाला शिकवले होते. त्याने समोरचा साव ठरत नाही. जुन्या वहीत नोंद राहतेच. फक्त ती रक्कम 'येणे' म्हणून दरवर्षी पुढे ओढायची नाही. हे करायचे ते आपला ताळेबंद खरा राहावा म्हणून.

पार्श्वनाथ भगवंतांची कथा आपल्याला पाठ आहे. अपराध कमठाचा होता, तरी मरुभूतीच त्याला भेटायला गेला, आणि कमठाने त्याच्यावर शिळा टाकली. पुढे भवामागून भव वैराचे ओझे वाहिले ते कमठाने. मरुभूतीचा जीव तीर्थंकर झाला. उपसर्ग करणारा कमठ आणि फणा धरणारा धरणेंद्र, भगवंतांना दोघेही सारखे.

आपण संसारी माणसे, एवढी समता कुठली आणणार? पण येणे सोडता येते. 'त्याने चूक कबूल करावी' हेसुद्धा एक येणेच आहे. मी तेही सोडले. पुन्हा व्यवहार मात्र करणार नाही. क्षमा म्हणजे परत उधारी देणे नव्हे.

मागच्या क्षमावाणीला मंदिरात ते समोर आले. मी हात जोडले. त्यांनी मान फिरवली. मी घरी येऊन पारण्याचा स्वयंपाक केला, आणि दुपारी मला छान झोप लागली.

तुमच्या वहीत असे जुने येणे असेल, तर यंदा बघा, लिहून टाकता येते का.

सर्वांना उत्तम क्षमा.