काच पुसायचं पाणी

अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. मोटार विम्याचा सर्व्हेअर. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, टेंभुर्णी या पट्ट्यात कुठे गाडी आपटली की मी जायचो, चेसिस नंबर पाहायचो, फोटो काढायचो आणि गॅरेजवाल्याने चार पार्ट लिहिले असतील तर त्यातले दोन खोडायचो. बंपर दुरुस्त होतो की बदलावाच लागतो, यावर मी तासभर वाद घालू शकतो. पण माझ्याच गाडीतल्या वॉशरच्या टाकीत किती पाणी मावतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही कधी वाटलं नाही. पाणीच तर होतं.

आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीला आतून खरबरीत कड, गीझरची कॉइल सारखी बदलायची. हे रोज डोळ्यांसमोर असताना तेच पाणी मी बाटलीने टाकीत ओतत होतो. बॉनेटवरच्या नोझलचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं. गाडी उभी राहिली की छिद्राशी उरलेला थेंब सोलापूरच्या उन्हात वाळतो आणि क्षार तिथेच बसतो. पुढचा थेंब त्यावर. धार बारीक होत गेली आणि एके दिवशी डावीकडची बंदच पडली.

मी सेफ्टी पिन घेतली. क्षाराचा खडा बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत गेला. मग उजवीकडची तरी जरा मोठी करावी म्हणून तिथेही पिन फिरवली, तर आतली गोटीच वळली. आता उजवी धार काच ओलांडून थेट टपावरून मागे जाऊ लागली. सात रस्त्याच्या सिग्नलला मागचा स्कूटरवाला शेजारी आला आणि खिडकीवर टकटक करून म्हणाला, “काय साहेब, आंघोळ घालताय होय?” त्याची माफी मागून मी पुन्हा पिन फिरवली. धार कशीबशी काचेच्या वरच्या कडेला आणली आणि काम झालं असं समजलो.

धार कमी, तर पाण्यात तरी दम असावा, हा पुढचा विचार. स्वयंपाकघरातला भांडी घासायचा लिक्विड साबण झाकणभर टाकला, मग अंदाजाने आणखी थोडा. फेस झकास आला. फेस आला म्हणजे स्वच्छ झालं, हा आपल्याकडचा पक्का समज. भांड्यावरचा साबण आपण नंतर धुऊन काढतो, काचेवरचा कोण धुणार, हे काही सुचलं नाही. तो तिथेच वाळतो आणि त्याचा पातळ पापुद्रा धरतो. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरू लागले, तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे. तरी मी गाडीची काच तपासली नाही.

मार्च संपत आला होता. पुण्याला निघालो आणि ऊन उतरताना इंदापूर मागे पडलं. पुढे काही अंतर रस्ता उजनीच्या पाणफुगवट्याच्या कडेने जातो. तिन्हीसांजेच्या सुमाराला तिथे चिलटांचे थवे उठतात आणि पावसाच्या थेंबांसारखे काचेवर फुटतात. सूर्य समोरच, जरा डाव्या अंगाला, हातभर वर. मी वॉशरचा दांडा ओढला.

एकाच नोझलमधून आलं ते थोडं पाणी, बाकी फेस. वायपरने तो फेस, चिलटं आणि दिवसभराची धूळ एकत्र कालवून काचेवर एकसारखी सारवली. त्या थरावर ऊन पडलं आणि सगळी काच पांढरी झाली. पलीकडे रस्ता नाही, झाड नाही, काही नाही. मी पुन्हा दांडा ओढला. आतून मोटरचा नुसता घुर्र आवाज, पाणी नाही. पुन्हा ओढला. पाय ब्रेकवर जायला हवा होता, डोकं खिडकीबाहेर काढायला हवं होतं. मी दांडाच ओढत राहिलो.

डावीकडे काहीतरी काळं जाणवलं तेव्हा ब्रेक दाबून स्टीअरिंग उजवीकडे घेतलं. उसाची ट्रॉली. गाडीचा डावा कोपरा तिच्यावर गेला. हेडलाइट, फेंडर, बंपर आणि बॉनेटची कड गेली. माणसं सगळी धड. ट्रॅक्टरवाला उतरला, आधी ट्रॉली पाहिली, मग ऊस, मग माझी काच. काचेवरून बोट फिरवून त्याने ते नाकाशी नेलं. “साबण हाय का ह्यो?”

मी उत्तर दिलं नाही. क्लेमच्या फॉर्मवर अपघाताचं कारण लिहिलं: पुढील वाहनास मागे परावर्तक नसल्याने. ते खोटं नव्हतं, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हताच. अशी वाक्यं कशी लिहायची हे मला चांगलं जमतं. माझी गाडी पाहायला एक तरुण सर्व्हेअर आला. फोटो काढले, बंपर खोडला. वॉशर चालू होता का, हे त्याने विचारलं नाही. मीही इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. एक ट्रक ड्रायव्हर मात्र विचारल्याशिवायच सांगत होता, “काच आंधळी झाली होती, साहेब.” टेंभुर्णीजवळची केस. मी लिहून टाकलं, चालकाचे स्पष्टीकरण समाधानकारक वाटत नाही. पुढे मालकाने त्याला काढून टाकल्याचं गॅरेजमध्ये कानावर आलं. तो अहवाल आता कुठल्या गोदामात असेल कोण जाणे.

आमच्या मिस्त्रीने टाकी सोडवून उलटी केली तेव्हा तळातून हिरवट गाळ पडला. शेवाळ, क्षार आणि साबणाची साय. पंप टाकीच्या बुडाशी, एका रबरी बुचात बसवलेला असतो. पाणी असेल तर तो थंड राहतो, कोरडा चालवला की जळतो. माझा जळलेला होता. उरलंसुरलं पाणी कुठे गेलं तेही सापडलं. बॉनेटच्या बिजागरीजवळ रबरी पाइप उंदराने कुरतडला होता. त्या गाळाचा वास आला तेव्हा मला भाच्याने कधीतरी सांगितलेलं आठवलं. तो बर्मिंगहॅमला असतो. ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने 2010 मध्ये एक अभ्यास मांडला होता, की टाकीत नुसतं पाणी भरणाऱ्यांना लिजिओनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराचा धोका अधिक दिसतो. साठलेल्या कोमट पाण्यात ते जंतू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर श्वासातून आत जातात. ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, की गोऱ्या लोकांना दुसरा उद्योग नाही.

नवा पंप, नवा पाइप, नव्या नोझल. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मी कॅनमध्ये साठवू लागलो, त्यात क्षार जवळपास नसतात. वॉशरचं तयार लिक्विड आणलं आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून मिसळलं. शेजाऱ्यांना बोअरच्या पाण्यावर व्याख्यानंही देऊन झाली. मग एकदा पहाटे, पार्किंगमधला दिवा गेलेला असताना, बॉनेट उघडून ते मोजून मिसळलेलं पाणी मी मोठ्या निगुतीने कूलंटच्या टाकीत ओतलं.

नशीब, इंजिन चालू करायच्या आधी लक्षात आलं. मिस्त्री घरी आला, सगळं कूलंट काढलं, टाकी धुतली, नवं भरलं. जाताना वॉशरच्या झाकणावरचं वायपरचं चित्र मला बोटाने दाखवलं आणि त्यावर मार्करने ठळक अक्षरात ‘पाणी’ लिहिलं. बिल त्याने बॉनेटवर ठेवलं. हे पैसे विम्यातून मिळत नाहीत, एवढं मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती.