मनातली आवणी

पावसाने जोर धरला की शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताच्या आवणीच्या बाया दिसतात. डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताची बोटं त्यातली चार-दोन रोपं सोडवतात, चिखलात खोचतात, पाऊल मागे सरतं. बाईची नजर पुष्कळदा हाताकडे नसतेच, ती शेजारणीशी बोलत असते. दोन रोपांतलं अंतर तिच्या बोटांना ठाऊक असतं.

हे ठाऊक असणं मेंदूत राहतं. कानाच्या वरून माथ्याकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात हालचालींचा कारभार चालतो. हात स्वस्थ असला की तिथल्या पेशी, दिंडीतल्या टाळांसारख्या, एका तालात स्पंदत राहतात. सेकंदाला साधारण 8 ते 13 वेळा. डोक्याला चकती लावून मेंदूची वीज टिपता येते, हे हान्स बर्गर यांनी 1929 साली जगापुढे मांडलं. हात हलवायची वेळ आली की हा ताल ओसरतो. नवल पुढेच आहे. हात जागचा न हलवता नुसती हलवण्याची कल्पना केली, तरी तो ओसरतो. उजव्या हाताची कल्पना असेल तर मुख्यतः डाव्या बाजूचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात गेर्ट फुर्टशेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच खूण पकडून संगणक चालवण्याची वाट तयार केली.

पण कल्पना कशी करायची? आपला हात सिनेमात बघावा तसा नुसता डोळ्यांपुढे आणून फारसं भागत नाही. चिखलाचा गारवा, रोपाचा ओला देठ, मनगटाला बसणारा ताण हे आतून जाणवावं लागतं. अशी कल्पना शरीराला किती खरी वाटते, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. 1989 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी लोकांच्या पाठीवर 25 किलोचं ओझं दिलं आणि ठरावीक अंतर मनातल्या मनात चालायला सांगितलं. एरवीपेक्षा त्या कल्पनेतल्या चालीला जास्त वेळ लागला. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या शहापूरच्या बायांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

मुरबाडच्या बाजूला ओळखीच्या एका घरी अर्धांगाचा झटका आलेली आजी ओटीवर बसलेली असे. उजवा हात मांडीवर निपचित. सून शेतातून आली की ती विचारी, "खालच्या खाचरात किती मुठी गेल्या गं?" आणि विचारता विचारता डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून चोळत राही. तिच्या मेंदूत आवणी शाबूत होती, असं मला मनापासून वाटतं. झटक्यात मेंदूकडून हाताकडे जाणारी वाट तुटते. हालचालीची कल्पना मात्र पुष्कळांपाशी उरते. काहींची तीही जाते, हेही खरं.

उरलेल्या कल्पनेला उत्तर मिळालं तर? केवळ कल्पनेने मेंदूत उमटणारी खळबळ प्रत्यक्ष हालचालीच्या वेळच्या खळबळीच्या साधारण पाव असते, असं 2010 च्या एका अभ्यासात मेंदूच्या पृष्ठभागावर तारा ठेवून मोजलेलं आहे. त्याच माणसांनी कल्पनेने पडद्यावरचा ठिपका हलवायला घेतला, तेव्हा ती खऱ्या हालचालीच्या वेळच्या खळबळीच्याही वर गेली. आपण मनात आणलं आणि जगात काही हललं, हे कळताच मेंदू आणखी जोर लावतो. कानपूरच्या आयआयटीत आशिष दत्ता यांच्या गटाने हाताला बांधायचा यांत्रिक पंजा याच तत्त्वावर केला आहे. रुग्णाने मूठ उघडायचं मनात आणलं की पंजा त्याची बोटं उघडतो. इच्छा आणि स्पर्श एकाच क्षणी भेटतात, आणि तुटलेल्या वाटेशेजारी नवी वाट पडण्याची शक्यता तिथेच असते.

असा पंजा आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात यायला हवा, आणि त्यासाठी आग्रह धरायला हवा. पण कल्पनेला यंत्र लागत नाही. फिजिओथेरपीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे, असा मनातला सराव केला तर लकव्यानंतर हात सुधारायला मदत होते, असा पुरावा आहे. तुमच्या घरी कुणी असं बसून असेल तर थेरपिस्टला याबद्दल जरूर विचारा. आणि त्या माणसाला त्याचंच काम द्या: आवणी, विळ्याची कापणी, भाकरी थापणं. नुसतं बघू नका म्हणावं, हाताला जाणवू द्या.